दोघांपुरतं चीज

"इतकं?" झिनेतने विचारलं.

तिची सुरी कांताल चीजच्या भल्या मोठ्या चाकावर अशा जागी टेकली होती, की तिथे कापलं असतं तर त्या कापातून पलीकडचा माणूस दिसला असता.

"जरा सरकव की," आन्सेल्म म्हणाला.

झिनेतने सुरी सरकवली. उलट्या बाजूला.

गेलं वर्षभर हे असंच चाललं होतं. डॉक्टरांनी आन्सेल्मचं रक्त तपासून मान हलवली होती आणि चीज कमी करा म्हणून सांगितलं होतं. एवढ्यावर भागलं असतं, कारण डॉक्टरांचं ऐकायचं नाही हे आन्सेल्मला उत्तम जमायचं. पण त्याची मुलगी क्लारिस तुलूझला शिक्षिका होती आणि वडिलांनाही वर्गातल्या वांड पोरासारखंच वागवायची. तिने परस्पर झिनेतला फोन केला. "आता सगळं तुमच्या हातात आहे हो," असं म्हणाली. झिनेतच्या हातात आजवर कोणी एवढं काही सोपवलं नव्हतं. त्या दिवसापासून आन्सेल्मला चीज कमी देणं हे तिने व्रत म्हणून घेतलं.

दुसरीकडून घ्यावं, तर तेही शक्य नव्हतं. मोंब्राझाक गावात माणूस पक्ष बदलू शकतो, मनात आलं तर चर्चला जायचं सोडू शकतो, पण चीजवाली बदलू शकत नाही. दुसरा चीजवाला रविवारच्या बाजारात कारंज्यापाशी, झिनेतच्या गाडीच्या अगदी समोर उभा राहायचा. त्याच्याकडे नुसतं वळून बघितलं, तरी झिनेत पुढचे दोन रविवार बोलायची नाही. राहिलं दुकानातलं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चीज. त्यापेक्षा आन्सेल्मने साबण खाल्ला असता.

आणि आजचा रविवार तर साधा नव्हता. डोंगरावरच्या एका म्हाताऱ्याकडून वर्षातून एकदाच येणारं, दोन वर्षं तळघरात मुरलेलं जुनं कांताल झिनेतने आज फोडलं होतं. त्याची साल झाडाच्या खोडासारखी खरबरीत झाली होती आणि वास चर्चच्या पायऱ्यांपर्यंत पोचला होता. आन्सेल्म ईस्टरपासून या चाकाची स्वप्नं बघत होता. ते समोर होतं, फुटलेलं होतं, आणि त्याच्या वाट्याला त्यातला कागदासारखा पातळ काप येत होता.

"एकट्यापुरतंच ना?" झिनेत म्हणाली. किती जणांसाठी आणि कधी खाणार, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय ती राजालाही चीज देत नसे. आन्सेल्मचं उत्तर तिला पाठ होतं. तरी सवयीने प्रश्न तोंडातून गेला.

"नाही," आन्सेल्म म्हणाला. "आज आम्ही दोघं आहोत."

हे आपण का बोललो, ते त्यालाही कळलं नाही. बोलला तो, पण बोलायला लावलं कांतालने.

मागची रांग एक पाऊल पुढे सरकली. या गावात रांगेत उभं राहायला कोणी कंटाळत नाही. पुढचा माणूस काय घेतो यावरून कोणाकडे कोण आलंय, कोणाचं कोणाशी फाटलंय, सगळं कळतं. वर्तमानपत्र विकत घ्यावं लागत नाही.

"दोघं?" झिनेतने सुरी खाली ठेवली. "दुसरं कोण?"

"पाहुणा आहे."

"बाप्या की बाई?"

आन्सेल्मने झटपट विचार केला. पुरुष म्हणावं, तर झिनेत विचारणार कुठला, कारण आसपासच्या दहा गावांतले सगळे पुरुष तिला ठाऊक. बाई म्हणावं, तर निदान सभ्यपणा म्हणून कोणी पुढे विचारणार नाही. अडुसष्ट वर्षं या गावात काढलेल्या माणसाचा हा अंदाज. आता यावर काय बोलावं!

"बाई," तो म्हणाला.

झिनेतने एप्रनला हात पुसले. मागे कोणीतरी पिशवी खाली ठेवली. हातात पिशवी घेऊन नीट ऐकू येत नाही.

"तिला काय आवडतं?" झिनेतने विचारलं. तिचा आवाज मऊ झाला होता. "कांताल खाते?"

"फार."

"हे जुनं झेपेल तिला?"

"जितकं जुनं, तितकं तिला बरं."

"म्हणून तर तुझ्याकडे येतेय," मागून एक म्हातारी म्हणाली आणि रांग हसली.

"आणि रोकफोर? निळ्या बुरशीचं सगळ्या बायकांना नाही आवडत."

"त्याशिवाय तिचं जेवण पुरं होत नाही."

"बकरीच्या दुधाचं?"

"सुकं. राखेत घोळवलेलं."

प्रत्येक उत्तर आन्सेल्मच्या थेट पोटातून येत होतं. वर्षभर दाबून ठेवलेली भूक त्या न जन्मलेल्या बाईच्या तोंडून बोलत होती. झिनेतने मग हात आखडला नाही. कांतालचा पाचरीएवढा तुकडा, रोकफोरचा ओला, चुरा होणारा ठोकळा आणि बकरीच्या चीजच्या दोन टिकल्या तिने कागदात गुंडाळल्या.

"बाई खानदानी दिसते," रांगेतल्या म्हातारीने निकाल दिला.

"क्लारिसला माहीत आहे का रे?" झिनेतने पुडकं देताना हळूच विचारलं.

"कळेलच की," आन्सेल्म म्हणाला, विषय संपवायला. विषय असे संपत नसतात. झिनेतने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला, पण तो नंतर कळणार होता.

आन्सेल्म पाववाल्या फिर्मांकडे पोचला, त्याच्या आधी बातमी पोचली होती. एरवी फिर्मां त्याच्यासाठी अर्धा पाव काढून ठेवायचा. आज तो अर्धा पाव त्याने आन्सेल्मच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला देऊन टाकला.

"अरे, माझा पाव!"

"अर्धा पाव ठेवणार तिच्यापुढे? गावाची लाज काढशील!" फिर्मांने अक्रोड घातलेला एक अख्खा पाव उचलला. "हा रोकफोरबरोबर. आणि हा आंबट, कांतालबरोबर. पातळ कापायचा. नाहीतर तू कापशील विटेएवढा. कुठली आहे रे?"

"कोण?"

"आता मी सांगू कोण? तीच."

"काओरची," आन्सेल्म म्हणाला. तोंडाला येईल ते गाव सांगितलं.

"काओरची? आत्ता इथे म्हणत होते बेल्जियमची."

"माहीत आहे तर विचारतोस कशाला?"

"तू खरं सांगतोस का ते बघत होतो," फिर्मां म्हणाला आणि त्याने डोळा मारला.

पुढे मग आन्सेल्मला काही मागावंच लागलं नाही. कोंबडी भाजणाऱ्याने लहान कोंबडी परत सळईवर चढवली आणि मोठी उतरवली, खालच्या रसात शिजलेले बटाटेही जास्तीचे घातले. स्ट्रॉबेरीवालीने वरच्या टोपल्या सोडून खालून, स्वतःसाठी झाकून ठेवलेली टोपली काढली. "तिला सांगा, या स्ट्रॉबेरीला साखर लागत नाही." कारंज्यापाशी पोचेपर्यंत ती बाई विधवा झाली होती, आन्सेल्मला गरम पाण्याच्या झऱ्यावर भेटली होती, आणि तिच्याकडे लाल गाडी होती. ती गाडी पुलावरून येताना बघितलेलाही एकजण निघाला.

खरं सांगायचं तर आन्सेल्मला मजा येऊ लागली होती. बायको गेल्यापासून, आणि शाळेची बस चालवायचं काम संपल्यापासून, गावाने त्याच्याकडे असं निरखून बघितलं नव्हतं. माणसं हस्तांदोलन करत होती. एक-दोन समवयस्कांच्या नजरेत तर चक्क मत्सर होता. टोपली जड झाली होती, छाती फुगली होती. अशा थाटात तो रोझलीनच्या भाजीच्या टेबलापाशी आला आणि तिथे त्याची हवा गेली.

रोझलीन नदीकाठच्या मळ्यात एकटी राबायची आणि तीन वर्षांपूर्वी झिनेतच्या गाडीशेजारची जागा मिळाल्यापासून दर रविवारी यायची. सावळी, उंच, कमी बोलणारी, नखांत नेहमी माती. पहिल्याच रविवारी आन्सेल्म तिच्यासमोर उभा राहिला होता आणि काय हवं म्हटल्यावर गोंधळून समोर जे पडलं होतं त्याकडे बोट दाखवलं होतं. समोर बीट होतं. "तुम्हाला बीट आवडतं वाटतं," ती म्हणाली, आणि त्याने मान डोलावली. तेव्हापासून ती त्याच्यासाठी चांगलं बीट बाजूला काढून ठेवायची. तो ते घेऊन जायचा आणि शेजाऱ्याच्या सशांना घालायचा. जन्मात त्याने बीट खाल्लं नव्हतं. जेवायला याल का, एवढंच तिला विचारायचं होतं. तीन वर्षं ते ओठांवर यायचं, आणि बाहेर पडताना त्याचं बीट व्हायचं.

"बोला," रोझलीन म्हणाली. एरवी ती आधी तब्येत विचारायची.

"नेहमीचंच."

"दोघांसाठी देऊ?"

"अं... हो."

"त्यांनाही बीट आवडतं का?"

"कोणाला?"

बाजूला काढून ठेवलेलं बीट तसंच राहिलं. रोझलीनने ढिगातून हाताला आलं ते उचललं, एक सलाडचा गड्डा घातला आणि पिशवी पुढे केली. आन्सेल्म हात पुढे धरून तसाच उभा राहिला. या बाजारात भाजीवाली आपल्या गिऱ्हाइकाला वर कोथिंबिरीसारख्या पार्सलीच्या चार काड्या फुकट घालते. ती कोणी मागत नाही आणि तिचे पैसेही कोणी सांगत नाही. हे माणूस आपलं, एवढाच त्याचा अर्थ. रोझलीनची पार्सली वर्षावर्षाला जाड होत गेली होती. गेल्या रविवारी तर चांगली जुडी होती.

"अजून काही?" तिने विचारलं.

"नाही... म्हणजे ते..."

"पुढचं कोण?"

आन्सेल्म कारंज्याच्या कठड्यावर जाऊन बसला. टोपलीतून जुन्या कांतालचा वास येत होता, आणि वर्षात पहिल्यांदा त्याला तो वास नकोसा झाला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. गावाला लाल गाडीतली बाई मिळाली होती आणि त्याला हवी होती ती बाई दुरावली होती.

तेवढ्यात पलीकडून झिनेतची आरोळी आली. झिनेतला जवळ जाऊन बोलायची सवय नव्हती.

"आन्सेल्म! निघाली बघ ती!"

"कोण?"

"क्लारिस! तुलूझहून निघाली! जेवायला पोचते म्हणाली!"

सगळा बाजार वळला.

"तिला कोणी सांगितलं?" आन्सेल्म कसाबसा म्हणाला.

"मी! तूच म्हणालास ना, कळेलच! म्हटलं, बापाची अशी गोष्ट पोरीला परक्याकडून कळायला नको. आणि मीही येते गाडी आवरली की. जेवणार नाही, पण माझं चीज ती बाई कशी खाते ते बघायचंय मला!"

आन्सेल्मने टोपलीत डोकावून बघितलं. क्लारिस येणार. घरात बाई नसणार. टेबलावर पाच माणसांना पुरेल एवढं चीज असणार, आणि क्लारिसला बेरीज यायची. मग झिनेतलाही कळणार. मग कागदसुद्धा मिळायचा नाही, आणि गाव पुढची दहा वर्षं हसणार. हे सगळं त्याला दिसलं. पण गंमत अशी की, त्याला टोचत होतं ते यातलं काहीच नव्हतं. टोचत होती ती न मिळालेली पार्सली. रोझलीनच्या लेखी आपण आता दोनच गोष्टी असू शकतो: एक तर बेल्जियमच्या विधवेचा यार, नाहीतर चीजसाठी खोटं बोलणारा खादाड. त्याने दोन्ही मनाशी तोलून बघितल्या आणि खादाडपणा पत्करला.

तो उठला आणि रोझलीनच्या टेबलापाशी आला. गिऱ्हाइकं पांगली होती. ती रिकामी खोकी एकात एक घालत होती.

"कोणी नाहीये," आन्सेल्म हळू आवाजात म्हणाला.

"काय?"

"बाई. ती नाहीये. कुठलीच बाई नाहीये. मला कांताल जास्त हवं होतं आणि झिनेत देत नव्हती, म्हणून मी म्हटलं दोघं आहोत."

रोझलीन हातातलं खोकं धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"आणि काओर?"

"काओर मी म्हटलं. बेल्जियम लोकांचं."

"लाल गाडी?"

"तीही लोकांचीच."

रोझलीन आधी गालात हसली, मग तिला खोकं खाली ठेवावं लागलं. "इतकी वर्षं बाजार करतेय मी," ती डोळे पुसत म्हणाली. "बाईसाठी चीज नेणारे पुष्कळ पाहिले. चीजसाठी बाई तयार करणारा तुम्ही पहिलेच."

"आता क्लारिस येतेय. माझी मुलगी."

"ऐकलं. सगळ्या दरीने ऐकलं."

"तर तुम्ही... जेवायला याल का?"

रोझलीनचं हसू थांबलं. "म्हणजे तुमच्या खोट्याला टेकू द्यायला?"

"नाही," आन्सेल्म म्हणाला. मग म्हणाला, "हो." मग त्याने श्वास घेतला. "मला बीट आवडत नाही."

"आता बीटचं काय मध्येच?"

"कधीच आवडलं नाही. खाल्लंच नाही कधी. शेजाऱ्याचे ससे खातात."

रोझलीनने टेबलावर उरलेल्या बीटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तीन वर्षांचे रविवार ती मनात मोजत असावी.

"लठ्ठ झाले असतील ससे," शेवटी ती म्हणाली.

"फार."

तिने झिनेतच्या गाडीकडे चोरून बघितलं आणि ती टेबलावरून पुढे वाकली. "येते मी. पण मग माझंही एक ऐकून घ्या. ओरडायचं नाही." तिने आवाज अगदी खाली आणला. "मी चीज खात नाही."

"म्हणजे? आज नाही?"

"कधीच नाही. कुठलंच नाही. वास आला तरी पोटात ढवळतं. इथे उभी असते तेव्हा वारा कुठून येतो ते आधी बघते."

आन्सेल्मने आजूबाजूला बघितलं. असं काही कोणी या बाजारात कधी बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"झिनेतला माहीत आहे?"

"वेडे आहात का? मला जागा सोडावी लागेल."

क्लारिस घरी पोचली तेव्हा टेबल मांडून झालं होतं. वाटेत तिने मनाशी भाषण तयार केलं होतं: बाबा, तुमचं वय काय, गरम पाण्याच्या झऱ्यावर भेटलेल्या बाईबद्दल आपल्याला माहिती काय, वगैरे. ती तावातावाने स्वयंपाकघरात शिरली, तर नळाशी एक उंच बाई बाह्या सरसावून सलाड धूत होती.

"तुमची ती... लाल गाडी कुठे दिसली नाही," भाषण सापडेना म्हणून क्लारिस म्हणाली.

"ट्रॅक्टर आहे माझा," रोझलीन म्हणाली. "तो लाल आहे. पण आज आणला नाही."

क्लारिसने वडिलांकडे पाहिलं. वडील मुळ्यांना लोणी लावत होते आणि मान वर करत नव्हते. मुळे झाले, कोंबडी झाली, आणि कोंबडीबरोबर क्लारिसचा राग थोडा थोडा उतरत गेला. ही बाई मोजकं बोलत होती, पण बोलली की वडील हसत होते, आणि वडिलांना असं हसताना क्लारिसने आईनंतर पाहिलं नव्हतं. बटाटे वाढताना तर तिने रोझलीनला आपणहून जास्तीचे वाढले. सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण कोंबडीनंतर सलाड येतं, आणि सलाडनंतर येतं चीज, ते काही चुकत नाही.

नेमकी तेव्हाच झिनेत दारात उभी राहिली.

"तू?" ती ओरडली. "तू, रोझलीन? माझ्या शेजारी उभी असतेस आणि मला बेल्जियम ऐकायला लावतेस?" तिने रोझलीनचे दोन्ही गाल चुंबले आणि हक्काने खुर्ची ओढली. "आणि एवढी आवड! बाजार उठताना मी दर रविवारी तुला तुकडा देते, तो तू तिथे खायची नाहीस, घरी न्यायचीस, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मी नेहमी म्हणते ना, खरा खाणारा घाई करत नाही."

रोझलीनने पाण्याचा घोट घेतला.

"मी वाढते," झिनेत म्हणाली. "चीज वाढायचं माझ्यावर सोडा." तिने कांतालचा घसघशीत तुकडा, रोकफोर आणि राखेतल्या टिकलीचा अर्धा भाग रोझलीनच्या बशीत ठेवला. आन्सेल्मच्या बशीत तिने सवयीने कागदाएवढा पातळ काप ठेवला. मग क्लारिसकडे वळली. "बघितलंस ना? मी म्हटलं होतं. आता हिच्या सोबतीने थोडं थोडं खाऊ दे बापाला. दर रविवारी दोघांचं देत जाऊ?"

क्लारिसने विचार केला. "रोझलीनबाई असतील तर... द्या. एकटेच बसून खातात, त्याचाच मला त्रास."

आन्सेल्मने हे ऐकलं. दर रविवारी दोघांचं. आयुष्यभर. आणि रोझलीनचं सगळं त्यालाच. एवढंच उरलं होतं की रोझलीनने एक घास खावा.

रोझलीनने पावाचा तुकडा घेतला. सुरीने त्यावर रोकफोर लावलं. तिचा चेहरा शांत होता, फक्त डोळ्यांत पाणी तरारलं होतं आणि नाकपुड्या आक्रसल्या होत्या. झिनेत पुढे वाकून बघत होती. रोझलीनने श्वास रोखला आणि तुकडा तोंडापाशी नेला. हे ती त्याच्यासाठी करत होती, यात शंका नव्हती. बीटचा सूड म्हणून तर कोणी एवढं करत नाही.

"थांबा," आन्सेल्म म्हणाला.

तुकडा ओठांपाशी थांबला.

"ती चीज खात नाही. कधीच खात नाही. सकाळी बाजारात मी खोटं बोललो, झिनेत. कोणी पाहुणा नव्हता. कांतालही माझं, रोकफोरही माझं, आणि राखेतलं तर फारच माझं. हिला मी नंतर बोलावलं."

रोझलीनने तुकडा खाली ठेवला आणि मोठा श्वास सोडला.

क्लारिस काही बोलणार, तोच झिनेतने हात वर केला. तिला आन्सेल्मच्या खोट्याचं सोयरसुतक नव्हतं. चीजसाठी कोणी खोटं बोललं तर तो तिच्या मालाचा मानच होता. ती रोझलीनकडे बघत होती.

"आणि मी दर रविवारी देते ते?"

रोझलीनची मान खाली गेली. "माझा कुत्रा..."

"कुत्रा!"

"त्याला फार आवडतं हो. वाट बघत असतो."

"माझं कांताल!" झिनेतने छातीवर हात ठेवला. "कुत्र्याला! साल काढून की सालीसकट?"

"काढून."

"निदान तेवढी तरी अक्कल," झिनेत पुटपुटली. रोकफोर लावलेला तो पाव तिने उचलला आणि रागारागाने स्वतःच खाऊ लागली.

आता क्लारिसला बोलायला वाट मिळाली. "बाबा, तुमचं मी नंतर बघते," ती म्हणाली आणि रोझलीनकडे वळली. "पण तुम्हाला चीज आवडत नाही, खोट्याशी तुमचा संबंध नाही, मग तुम्ही आलात कशाला?"

"तीन वर्षं हा माणूस माझ्याकडून बीट नेतोय आणि सशांना घालतोय," रोझलीन म्हणाली. "आज पहिल्यांदा जेवायला या म्हणाला. निमित्त बरं आहे की वाईट, हे बघत बसले असते, तर अजून तीन वर्षं गेली असती."

क्लारिसने ओठ घट्ट मिटून बघितले, पण हसू आलंच. आन्सेल्मचे कान लाल झाले. झिनेत चावायची थांबली, कारण हे उद्या गावाला शब्दन् शब्द सांगायचं होतं.

"आता पुढच्या रविवारी माझ्याकडे," रोझलीन आन्सेल्मला म्हणाली. "पण आधीच सांगते, नंतर वाद नको. माझ्या घरात चीज येत नाही. बशीत नाही, पिशवीत नाही, कपड्यांना वास लावूनही नाही. सलाड झालं की सरळ फळं."

"चीजशिवाय जेवण?" झिनेतच्या तोंडातून घासच पडायचा राहिला. "रविवारचं?"

"रविवारचं. आणि मी एकाच रविवारचं म्हणत नाहीये."

क्लारिसने हातातला काटा ठेवला. वर्षभर ती विनवण्या करत होती, रागावत होती, डॉक्टरांचे कागद दाखवत होती, आणि या माणसाने नखाएवढा तुकडासुद्धा सोडला नव्हता. ती वडिलांकडे बघत राहिली. आन्सेल्मने टेबलावरच्या कांतालकडे पाहिलं. दोन वर्षं तळघरात मुरलेलं, वर्षात एकदाच येणारं, उन्हाच्या तिरिपीत मधासारखं पिवळं. मग त्याने रोझलीनकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच बघत होती, आणि सकाळपासून पहिल्यांदाच जराशी घाबरलेली दिसत होती.

आन्सेल्मने चीजची अख्खी बशी उचलून झिनेतच्या पुढ्यात ठेवली.

"किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.